शेजारी बसलेल्याचं जेवण

हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटच्या दिवसांत काळजी घेतात तिथे, मी जेवण पोहोचवते म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पेशंटसाठी. तसं नाही. पेशंटनं काय खायचं, किती, कसं, हे डॉक्टर आणि सिस्टर ठरवतात आणि त्यात आम्ही स्वयंसेवक अजिबात हात घालत नाही. आमचं जेवण असतं ते खाटेशेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसासाठी. ती बायको असते, मुलगा असतो, बहीण असते. कधी शेजारी असतो, कारण पेशंटला दुसरं कोणीच नसतं.

मी संध्याकाळच्या पाळीची जुळवाजुळव बघते. कोण रांधणार, कोण आणून देणार, कोणत्या खोलीत किती माणसं आहेत, फ्रिजमध्ये कालचं काय शिल्लक आहे. नवीन येणारे स्वयंसेवक पहिला प्रश्न हमखास विचारतात, काय करून आणू? त्यांचा उत्साह खरा असतो आणि मला तो आवडतो. पण पदार्थ कोणता, हा या कामातला सोपा भाग आहे. ज्याचं माणूस जेवायचं थांबलंय, त्याच्या घशाखाली घास उतरणं, हे अवघड आहे.

ही माणसं उपाशी का राहतात, याची वरवरची कारणं कोणालाही सुचतील. झोप झालेली नसते, वेळेचं भान नसतं, खाटेजवळून उठवत नाही. आपण उठून गेलो आणि तेवढ्यात काही झालं तर? ही भीती इतकी पक्की असते की माणसं तासन्‌तास पाणीसुद्धा पीत नाहीत, बाथरूमला जावं लागेल म्हणून. पण याच्याही खाली एक गोष्ट असते, आणि ती फार थोडे जण बोलून दाखवतात. त्यांना जेवायची लाज वाटते.

एक आजी होत्या. त्यांचे यजमान आत होते, बोलणं थांबलं होतं, दिवसाचा बहुतेक वेळ झोपेतच जायचा. आजींसाठी मी पॅन्ट्रीतल्या टेबलावर सूप, थोडा भात आणि चिरलेलं फळ ठेवलं. त्यांनी वाटीवरचं झाकण उचललं, वाफ बघितली आणि झाकण परत ठेवलं. म्हणाल्या, "मी जेवले तर त्यांना सोडून दिल्यासारखं होईल गं." मी काही बोलले नाही. अशा वेळी 'तुम्हालाही ताकद हवी ना' वगैरे म्हणायचा मोह होतो, पण ते वाक्य त्यांना दिवसभरात सगळ्यांनी ऐकवलेलं असतं. सिस्टर आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "ते खात नाहीत म्हणून चालले नाहीयेत, आजी. ते निघालेत म्हणून त्यांची भूक गेलीये. तुम्ही काही कमी केलेलं नाही." बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग आजींनी चमचा उचलला. दोन-चार घोट घेतले आणि मला विचारलं, "मीठ आहे का?"

मीठ मागितलं की मला हायसं वाटतं. चव कळायला लागली म्हणजे माणूस निदान तेवढ्यापुरता तरी स्वतःच्या शरीरात परत आलेला असतो.

सिस्टर जे बोलल्या ते मन राखण्यासाठी नव्हतं, वैद्यकशास्त्रही तेच सांगतं. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात भूक आणि तहान कमी होत जाते. कॅन्सरसारख्या आजारांत शरीर झिजतं त्याला कॅकेक्सिया म्हणतात, आणि ही झीज जास्त खाऊ घातल्यानं भरून निघत नाही, कारण शरीराची अन्न वापरायची रीतच आजारानं बदललेली असते. गिळण्याची ताकद गेलेली असताना आग्रहानं भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, ठसका लागतो, न्यूमोनिया होऊ शकतो. नातेवाइकांना हे पटायला वेळ लागतो, आणि लागणारच. कोणाला काहीतरी खाऊ घालणं हीच आपल्याला येणारी पहिली माया असते. ती एकाएकी निरुपयोगी झाली तर हातांनी करायचं काय? म्हणून चांगल्या सिस्टर नातेवाइकांच्या हाताला दुसरं काम देतात. ओल्या स्पंजनं तोंड आतून पुसायचं, ओठांना मलम लावायचं, सिस्टर चालेल म्हणाल्या तर बर्फाचा अगदी लहान तुकडा जिभेवर ठेवायचा. हे जमलं की घरच्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, आणि मग ट्रेकडे लक्ष जातं. कितीतरी वेळा मी हा क्रम पाहिला आहे.

नवीन स्वयंसेवकांना आमचा एक नियम मी पहिल्याच दिवशी सांगते. पेशंटनं तुमच्याकडे काही खायला मागितलं, अगदी पाणी मागितलं, तरी आधी सिस्टरला विचारायचं. काहींना पातळ पदार्थ घट्ट करूनच द्यावे लागतात, साधं पाणीही ठसका लावतं. तुमचं मन कितीही तुटलं तरी हा नियम मोडायचा नाही.

आता जेवणाबद्दल. पेशंटच्या खोलीत ट्रे न्यायचा की नाही, हे वासावर ठरतं. मळमळ असलेल्या माणसाला तळणीचा, कांदा-लसणाचा वास सहन होत नाही, आणि हॉस्पिसच्या कॉरिडॉरमधून वास चार खोल्या ओलांडून जातो. म्हणून आमचे सगळे डबे घट्ट झाकणाचे असतात, आणि झाकण उघडायचं ते पॅन्ट्रीत, दार लावून. ज्यांना खाटेपासून हलायचंच नाही त्यांच्यासाठी वेगळं जेवण ठेवतो. वास नसलेलं, गार झालं तरी खाता येईल असं, आणि एका हातानं खाता येईल असं. कारण दुसऱ्या हातात कोणाचा तरी हात असतो. सुरी-काटा लागेल, सोलावं लागेल, रस ओघळेल, कुरकुर आवाज होईल, असं काही तिथे चालत नाही. तुकडे आधीच केलेले हवेत. या एका गोष्टीचा विचार करून जेवण बनवणारा स्वयंसेवक मला सुगरणीपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि थोडं वाढा. भरलेलं ताट बघूनच ही माणसं मागे सरतात. छोट्या वाटीत थोडं द्यावं आणि अजून आहे, एवढं सांगून बाजूला व्हावं. वाटी रिकामी झाली की माणसाला आपण काहीतरी पुरं केल्यासारखं वाटतं. मोठं ताट अर्धं राहिलं तर वाया घालवल्याची रुखरुख लागते, आणि त्यांच्याकडे रुखरुख आधीच भरपूर असते.

काय हवं, असं विचारू नका. हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी लोकांना ते विचित्र वाटतं, कारण विचारणं हा तर चांगुलपणा. पण त्या खुर्चीतल्या माणसानं त्या दिवशी किती निर्णय घेतलेले असतात बघा. कोणाला कळवायचं, वेदना कमी करणाऱ्या मॉर्फीनचा डोस वाढवायला हो म्हणायचं का, गावाहून येणाऱ्याची वाट बघायची का. त्यात तुम्ही विचारता, भात की सूप? तो म्हणतो, काही नको. ते त्याचं उत्तर नसतंच, त्याला फक्त प्रश्न संपवायचा असतो. त्यापेक्षा, "इथे सूप ठेवतेय, जेवावंसं वाटलं तर घ्या, डबा परत द्यायची गरज नाही," एवढं म्हणावं आणि निघावं. चालत नसलेल्या गोष्टी मात्र आधी विचारून ठेवायच्याच. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला दूध, कोणाला गहू, कोणी अंडं-मांस खात नाही. हे आम्ही दाखल होतानाच एकदा विचारून पॅन्ट्रीतल्या फळ्यावर खोली क्रमांकापुढे लिहितो, म्हणजे रोज रोज त्यांना छळावं लागत नाही.

अजून एक प्रश्न आम्ही विचारतो, आणि तो एका गृहस्थांमुळे सुरू झाला. ते आईजवळ बसायचे. डायबिटीसची गोळी मात्र वेळेवर घ्यायचे, शिस्तीचा माणूस. गोळी घेतली, जेवण राहिलं. कॉरिडॉरमध्ये मला भेटले तेव्हा घामानं शर्ट भिजला होता, बोटं थरथरत होती आणि ते मला सांगत होते की काही नाही, जरा दमलोय. सिस्टरनी साखर उतरल्याचं ओळखलं आणि लगेच गोड सरबत दिलं. डायबिटीसच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसताना साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतात. तेव्हापासून आम्ही पेशंटबद्दल विचारपूस झाली की हळूच विचारतो, तुमच्या स्वतःच्या गोळ्या किती वाजता असतात? कितीतरी जण या प्रश्नावर चमकून बघतात. आपल्यालाही शरीर आहे हे त्यांच्या ध्यानातच नसतं.

स्वच्छतेबद्दल मी कडक आहे आणि त्याबद्दल काहींची माझ्यावर नाराजीही आहे. असू दे. दिवसच्या दिवस न झोपलेल्या माणसाला आपल्या डब्यामुळे जुलाब झाले, तर आपण त्याच्याकडून हात धरून बसण्याचे शेवटचे तास हिरावून घेतले. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम साधे आहेत. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, गार ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. यात भात सगळ्यात फसवा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर तसाच राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. म्हणून भात पसरून लवकर गार करायचा आणि फ्रिजमध्ये टाकायचा. प्रत्येक डब्यावर लेबल, त्यावर पदार्थ, तारीख आणि आत काय काय आहे ते. तारीख नसलेला डबा कितीही चांगला दिसला तरी मी टाकून देते. आणि उलट्या-जुलाब झालेल्या स्वयंसेवकानं पूर्ण बरं वाटल्यावरही दोन दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही.

तो फ्रिज रात्री उघडा असतो. त्याला कुलूप लावू नये यासाठी मी भांडले आहे. रात्री दोन-तीनच्या सुमाराला, पेशंटला शांत झोप लागलेली असते तेव्हा, दिवसभर मेलेली भूक एकदम जागी होते. सकाळी येऊन बघावं तर चार डबे रिकामे, धुऊन पालथे घातलेले. कोणी खाल्लं ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. रात्रीच्या या जेवणाला कोणी बघणारं नसतं, आभार मानावे लागत नाहीत, चेहरा सावरावा लागत नाही. मला वाटतं, आमचं सगळ्यात उपयोगी पडणारं जेवण हेच.

लहान मुलांचं वेगळं असतं. ती स्पष्ट सांगतात, भूक लागली, हे नको, ते हवं. त्यांच्या या बोलण्यानं मोठी माणसं कधी शरमतात, ओरडतात. मी मध्ये पडते. मुलांना खाली बसवून जेवायला दिलं की बऱ्याचदा त्यांची आई त्यांच्या ताटात उरलेलं खाते, उभ्या उभ्या. ते तिचं त्या दिवसाचं पहिलं जेवण असतं. म्हणून मुलांच्या ताटात आम्ही मुद्दाम जास्त वाढतो. मोठ्यांना थोडं, मुलांना जास्त.

मी या कामाकडे वळले ती दादाच्या आजारपणानंतर. त्याच्या शेवटच्या दिवसांत मी हॉस्पिसमध्ये होते, आणि तिथल्या एका स्वयंसेवक बाई रोज माझ्या खुर्चीशेजारी एक झाकलेली वाटी ठेवून जायच्या. त्यांचं नावही मी कधी विचारलं नाही. त्या मला कधी जेवलीस का म्हणून विचारायच्या नाहीत, वाटी न उघडता तशीच राहिली तरी चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी. यापलीकडे त्या दिवसांतलं माझं खाणं मला आठवत नाही.

कुटुंबाला धरूनच पेशंटकडे बघायचं, हा विचार या क्षेत्रात मुळापासून आहे. आधुनिक हॉस्पिस चळवळ जिथून सुरू झाली ते लंडनचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी काढलं. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि मग डॉक्टर झाल्या. वेदना म्हणजे फक्त शरीराची नव्हे, मनाची, नात्यांची, श्रद्धेची वेदनाही त्यातच धरायची, हे त्यांनी मांडलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनंही पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या व्याख्येत पेशंटबरोबर त्याच्या कुटुंबाला घेतलं. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमांनुसार हॉस्पिसला स्वयंसेवक ठेवावेच लागतात. पगारी माणसं पेशंटच्या सेवेत जितके तास देतात, त्याच्या निदान ५ टक्के तास स्वयंसेवकांचे भरले पाहिजेत. केरळात तर १९९३ साली कालिकतला सुरू झालेल्या कामातून स्वयंसेवकांचं मोठं जाळं उभं राहिलं, आणि तिथे घरी जाऊन पेशंट बघणारे स्वयंसेवक गरजू कुटुंबाला तांदूळही पोहोचवतात. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की औषधाइतकंच ते लागतं, हे त्यांनी ओळखलं. घरी राहूनच हॉस्पिसची सेवा घेणारी कुटुंबं पुष्कळ असतात, आणि त्यांचा विचार आपल्यासारख्या डबेवाल्या गटांकडून कमी होतो असं माझं मत आहे. हॉस्पिसच्या इमारतीत निदान सिस्टर असतात, पॅन्ट्री असते. घरी सांभाळणारा एकटा असतो.

मृत्यू झाला त्या दिवशीचं जेवण आम्ही बांधून देतो. लोक सामान आवरत असतात, कागदांवर सह्या करत असतात, कोणी भिंतीकडे बघत उभं असतं. त्या वेळी जेवायला बसा म्हणणं बरोबर नाही. आम्ही त्यांच्या पिशवीत, नाहीतर गाडीत सोबत आलेल्या नातेवाइकाच्या हातात डबा देतो आणि आत काय आहे ते लेबलवर लिहितो, कारण सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही. टिकणारं, गरम न करता खाता येणारं, चार-पाच जणांना पुरेल एवढं.

त्यानंतरचे आठवडे जास्त कठीण. सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं असतं, खाणंही येतं. मग सगळे आपापल्या घरी परततात. महिन्या-दीड महिन्यानं एकट्या उरलेल्या माणसाला एका माणसापुरता स्वयंपाक करावासा वाटत नाही. एका काकांनी मला सांगितलं, "पातेली सगळी दोघांच्या मापाची आहेत. कमी केलं तरी उरतंच." मेडिकेअरचे नियम हॉस्पिसला मृत्यूनंतरही वर्षभर कुटुंबाला आधार द्यायला सांगतात, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. आमचा गट लहान आहे, वर्षभर डबे देणं झेपत नाही. पण महिन्यानंतर एक फोन आम्ही करतो आणि एका माणसाचं जेवण घेऊन जातो. शक्य असेल तर दोन डबे न्यावेत आणि त्यांच्यासोबत बसून जेवावं. गेलेल्या माणसाचं नाव आपण घेतलं तर चालतं. उलट बाकी सगळे ते टाळत असतात, म्हणून त्यांना ते ऐकायचं असतं.

ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांच्यासाठी एक विनंती. भांडं भरून थेट हॉस्पिसच्या दारात जाऊ नका. तिथल्या स्वयंसेवक समन्वयकाला आधी फोन करा. काही ठिकाणी घरी शिजवलेलं अन्न चालत नाही, काही ठिकाणी त्यांच्याच स्वयंपाकघरात रांधावं लागतं, आणि थोडं प्रशिक्षणही असतं. ते पूर्ण घ्या. स्वयंपाक येत नसला तरी डबे धुणं, लेबलं लावणं, फ्रिज आवरणं, सामान आणणं ही कामं असतातच, आणि त्यांना कायम माणसं कमी पडतात. जास्तीत जास्त लोकांना रविवारची दुपार सोयीची वाटते, त्यामुळे त्या वेळी आमच्याकडे गर्दी होते. रिकामी राहते ती आठवड्यातल्या कामाच्या दिवशीची रात्रीची पाळी, आठ ते दहा. फोन कराल तेव्हा ती वेळ तुम्हाला नेमाने जमेल का, तेवढं आधी घरी बोलून ठरवा.